सात नंबरचा ब्रेकर

शनिवारी सकाळी साडेआठला फोन वाजला, तेव्हा डेला स्कोग्लुंड दारापुढचा बर्फ फावड्याने बाजूला ओढत होती.

"डेला, ओस्लुंडला ये." पलीकडून शेरीफ हॅल नायगार्ड बोलत होता. "आर्लिस ट्वेट गेली. काल दुपारी. बिछान्यातच जळाली."

"लायलची आई?"

"तीच. आणि आत पहिला शिरला तो लायलच. स्वतःच्या आईला त्याने स्वतः बाहेर काढलं."

लायल ट्वेट ओस्लुंडच्या स्वयंसेवी अग्निशमन दलाचा कॅप्टन होता. अख्ख्या तालुक्यात त्याला मान होता.

"मग मी कशाला हवी?"

"कागद पुरे करायला. तसं प्रकरण सरळ आहे. सांभाळणारी बाई एक्स्टेंशनची वायर पलंगाच्या चाकाखालून नेते काय, तिच्यावर हीटर लावते काय, आणि म्हातारीला एकटं टाकून बाहेर जाते काय. तिला आत टाकलंय."

डेलाने फावडं भिंतीला टेकवलं. राज्याच्या अग्नितपास खात्यात तिची बावीस वर्षं झाली होती. त्याआधी पंधरा वर्षं तिने वायरमनचं काम केलं होतं. सरळ म्हणून समोर आलेली प्रकरणं तिला आवडत नसत.

*

घर बाहेरून धडधाकट दिसत होतं. फक्त मागच्या खिडकीच्या वर काळा पट्टा होता.

निजायच्या खोलीत लोखंडी पलंगाचा सांगाडा उरला होता. कोपऱ्यात ऑक्सिजन देणाऱ्या यंत्राचा वितळलेला डबा. पलंगाच्या डाव्या चाकाजवळ एका तपकिरी वायरीचे तुकडे आणि छोट्या हीटरची जाळी.

लायल दारातच उभा होता. बावन्न वर्षांचा, रुंद खांद्यांचा. डोळे सुजलेले. तशातही त्याने सगळ्यांसाठी थर्मासमधून कॉफी आणली होती.

"तुम्ही काल इथे कधी आला होतात?" डेलाने विचारलं.

"जेवायला. रोजच येतो. एक ते दीड. आईला सूप भरवलं, तिचा डोळा लागला, मी माझ्या दुकानावर परतलो."

"हीटर तेव्हा चालू होता?"

"मी पाहिला नाही. पण आईला सांभाळणारी ती होदान, तिला सारखी थंडी वाजते. आफ्रिकेतली बाई, तिला इथला फेब्रुवारी कुठला झेपायला! शंभर वेळा सांगितलं होतं, ऑक्सिजन आहे, हीटर लावू नकोस. ऐकलं नाही."

"ती बाहेर का गेली?"

"माझ्याच फोनमुळे." लायलने थर्मासचं झाकण लावलं. "मला वाटलं औषधांच्या दुकानात आईचं औषध तयार झालं असेल. मीच म्हटलं, जाऊन घेऊन ये. दहा मिनिटांचं काम. आता आयुष्यभर हेच डोक्यात राहणार."

नायगार्डने त्याच्या पाठीवर हात ठेवला. "तुझा काय दोष रे?"

डेला स्वयंपाकघरातून तळघराच्या जिन्याकडे निघाली. ओट्यावरच्या खिडकीत पितळेची एक हातघंटी होती. तिच्या मुठीला निळ्या फितीचं टोक लोंबत होतं. गाठ मारायची फीत. डेलाने घंटी पुराव्याच्या पिशवीत टाकली आणि ती खाली उतरली.

धोका दिसताच वीज तोडणाऱ्या ब्रेकरची पेटी तळघरात होती. आगीची झळ तिथवर पोचली नव्हती.

"हे बघा." लायल मागोमाग आला होता. त्याने बोट दाखवलं. "सात नंबर, आईची खोली. नऊ आणि अकरा, बाकीच्या दोन खोल्या. तिन्ही जुने. निळ्या बटणाचे. घर दोन हजार चारचं, तेव्हाचेच."

"ब्रेकरची चांगली माहिती दिसते तुम्हाला."

"दलात शिकवतात ना. निळ्या बटणाचा ब्रेकर मोठी ठिणगी पकडतो. दोन वायरी एकमेकींना भिडल्या तरच. वायर आतल्या आत तुटून बारीक ठिणग्या उडाल्या, तर त्याला पत्ताच लागत नाही. नवे येतात ते पांढऱ्या बटणाचे. ते दोन्ही पकडतात. नवा असता तर आई वाचली असती." त्याने मान खाली घातली. "पण बदलायचं कुणाच्या डोक्यात आलं?"

तो म्हणाला त्यातला शब्दन्‌शब्द खरा होता. डेलाला तेच खटकलं. आई जाऊन एक दिवस झाला नव्हता, आणि मुलाने कारण, उपकारण, सगळं नीट लावून समोर ठेवलं होतं.

"लायल, तुम्ही घरी जा. जरा पडा," ती म्हणाली.

तो गेल्यावर तिने मुख्य पुरवठा बंद करवला आणि पेटीचं झाकण उतरवलं.

ब्रेकरची जन्मतारीख समोरून दिसत नाही. ती कुशीवर छापलेली असते. ब्रेकर बाहेर ओढला तरच वाचता येते. चार आकडे. पहिले दोन वर्षाचे, पुढचे दोन आठवड्याचे.

नऊ नंबर : ०४११. दोन हजार चार, अकरावा आठवडा.

अकरा नंबर : ०४११. तोच.

सात नंबर : ०१४६.

डेलाने चष्मा पुसला आणि पुन्हा वाचलं.

मग तिने बॅटरी जवळ धरली. पेटीतल्या प्रत्येक स्क्रूवर नारिंगी रंगाची बारीक रेघ होती. अर्धी स्क्रूवर, अर्धी बाजूच्या अंगावर. काही वायरमन स्क्रू पुरता आवळला की अशी रेघ ओढतात. नंतर कुणी स्क्रू फिरवला, तर रेघ मोडते.

सात नंबरच्या ब्रेकरच्या स्क्रूवर रेघच नव्हती. त्याची पांढरी वायर ज्या पट्टीला जोडली होती, तिथल्या स्क्रूवर होती. पण मोडलेली.

"काय सापडलं?" नायगार्डने जिन्यावरून विचारलं.

"या घराचं वायरिंग कुणी केलं?"

"ऑर्विल ब्रास्टाडने. गावातली अर्धी घरं त्याचीच. आता वृद्धाश्रमात असतो. डोकं ठिकाणावर नाही म्हणतात."

"कोण म्हणतं?"

नायगार्ड विचारात पडला. "लायलच म्हणाला वाटतं."

*

होदान वारसमे तालुक्याच्या कोठडीत खुर्चीच्या टोकाला बसली होती. पस्तिशीची असेल. डोक्यावरचा रुमाल काढून घेतला होता, म्हणून तिने स्वेटर डोक्यावरून ओढून घेतला होता. डेलाने आधी बाहेर जाऊन तो रुमाल मागून आणला आणि मगच ती समोर बसली.

"ती तपकिरी वायर तुझी?"

"नाही मॅडम. मी ती कधी पाहिलीच नव्हती."

"हीटर?"

"तो कपाटात असायचा. वरच्या फळीवर. दोन वर्षांत एकदाही काढला नाही. ऑक्सिजनच्या खोलीत हीटर लावतात का? आम्हाला पहिल्या दिवशी हेच शिकवतात."

"मग शुक्रवारी तो बाहेर आला कसा?"

"मला नाही माहीत. लायलसाहेब गेले तेव्हा खोलीचं दार लावून गेले. म्हणाले, आई झोपलीय, उठवू नकोस. मग वीस मिनिटांनी त्यांचा फोन आला, औषध आण. मी गेले. दुकानदार म्हणाला, कसलं औषध? इथे तर कुणी काही सांगितलेलंच नाही. डॉक्टरकडे फोन लावून विचारतो म्हणाला. पाऊण तास बसवलं."

"आर्लिसबाईंना बोलता येत होतं?"

"नाही. अर्धांगाच्या झटक्यानंतर वाचा गेली ती गेलीच. उजवी बाजूही गेली होती. पण डावा हात पक्का होता. आणि घंटी! काही लागलं की ठणाठणा वाजवायच्या. पत्त्यांत मी हरले तरी वाजवायच्या." होदानच्या ओठांवर हसू आलं आणि लगेच गेलं. "पलंगाच्या कठड्याला मीच बांधली होती. निळ्या फितीने."

"ती कधी सोडायचीस?"

"कधीच नाही."

डेलाने वहीत एक ओळ लिहिली.

"गेल्या काही दिवसांत विजेचं काही झालं होतं?"

होदानने डोळे बारीक केले. "झालं होतं की. त्यांच्या खोलीतली वीज तीनदा गेली. त्याआधी दोन वर्षांत कधी गेली नव्हती. आदल्या आठवड्यात गुरुवारी आणि शनिवारी, मग या सोमवारी. ऑक्सिजनचं यंत्र बंद पडायचं, मी धावत जाऊन सिलेंडर लावायची."

"तिन्ही वेळा खोलीत कोण होतं?"

"लायलसाहेब. जेवणाच्याच वेळी. मला म्हणायचे, तू जा, भांडी घास. मंगळवारी ते हत्यारांची पेटी घेऊन तळघरात गेले. म्हणाले, दुरुस्त करतो. त्यानंतर एकदाही गेली नाही."

"हे शेरीफला सांगितलंस?"

"सांगितलं. ते म्हणाले, वायर कुणी लावली तेवढं सांग."

*

ऑर्विल ब्रास्टाड शहात्तर वर्षांचा होता. वृद्धाश्रमाच्या खिडकीशी तो गुडघ्यांवर शाल घेऊन बसला होता. त्याने डेलाला आधी आपली बहीण समजून रागावून घेतलं, मग परिचारिका समजून गोळी मागितली.

डेलाने खिशातून सात नंबरचा ब्रेकर काढून त्याच्या तळहातावर ठेवला.

म्हाताऱ्याची बोटं आपोआप फिरली. त्याने ब्रेकर कुशीवर वळवला. डोळ्यांजवळ नेला.

"हा कुठला कचरा आणलास?"

"आर्लिस ट्वेटच्या घरातला. सात नंबरचा."

"खोटं बोलतेस!" तो एकदम ताठ झाला. "तिथे पांढऱ्या बटणाचा आहे. दिव्याचा. ऑक्सिजनचं यंत्र आलं त्या उन्हाळ्यात मीच बसवला. आर्लिस पैसे द्यायला लागली, घेतले नाहीत मी. तिने पाटीवर लिहून दाखवलं, ऑर्विल, तू मूर्ख आहेस." तो खुदकन हसला. "आणि हा एक सालचा आहे. मी तिचं घर चार साली केलं. नवं खोकं फोडलं होतं. तिन्ही ब्रेकर एकाच खोक्यातले. तीन वर्षांचं शिळं सामान वापरणारा माणूस वाटलो का मी तुला?"

"खूण कसली करता?"

"नारिंगी. प्रत्येक स्क्रूला. माझा बाप करायचा." आणि मग अचानक त्याची नजर विझली. "आर्लिस बरी आहे ना?"

डेलाने शाल सारखी केली. "तुम्ही छान काम केलं होतं, ऑर्विल."

बाहेर गाडीत वाट बघणाऱ्या नायगार्डने सगळं ऐकून कपाळ चोळलं. "कोर्टात लायलचा वकील या म्हाताऱ्याला दोन मिनिटांत उडवेल. आणि समज, ऑर्विलनेच कुठूनतरी जुना उचलून लावला असेल तर?"

"मग त्यावर नारिंगी रेघ हवी. ती नाही. आणि पट्टीवर जी आहे ती मोडलेली. म्हणजे ऑर्विलनंतर कुणीतरी हात घातलाय." डेलाने गाडी सुरू केली. "हॅल, बारीक ठिणगी न पकडणारा ब्रेकर आज तुला हवा झाला, तर कुठून आणशील?"

"दुकानातून."

"पंधरा वर्षं झाली, दुकानात मिळत नाही. जुन्या घरातूनच काढावा लागतो. एखाद्याच्या निजायच्या खोलीचा."

*

बुधवारी आर्लिसला निरोप दिला. चर्चच्या तळघरात जेवण होतं. ओव्हनमध्ये भाजलेला बटाट्याचा पदार्थ, हॅमचे पाव, लिंबाच्या वड्या आणि भरपूर पातळ कॉफी. लायल दलाच्या गणवेशात दारापाशी उभा राहून एकेकाचा हात हातात घेत होता. बायका डोळे पुसत होत्या.

"त्या बाईला परत पाठवून द्या म्हणावं," रांगेतला कुणीतरी म्हणाला.

"नाही, नाही," लायल हळू आवाजात म्हणाला. "तिने मुद्दाम नाही केलं. अडाणी आहे बिचारी."

लोकांना त्याचं मन केवढं मोठं वाटलं.

लायलची बायको जोलीन आत भांडी विसळत होती. डेलाने फडकं घेतलं आणि पुसायला लागली.

"शेवटची भेट कधी झाली सासूशी?"

जोलीनचा हात थांबला. "तेच तर टोचतंय. दर बुधवारी कामावर जाता जाता डोकवायचे मी. गेल्या बुधवारी गजरच वाजला नाही. उठून बघते तर पलंगाशेजारचं घड्याळ बारा-बारा दाखवत लुकलुकतंय. कशीबशी तोंड धुऊन पळाले. म्हटलं, पुढच्या बुधवारी जाईन."

"रात्री वीज गेली असेल."

"लायलही तेच म्हणाला. पण स्वयंपाकघरातलं घड्याळ बरोबर होतं. फक्त आमच्याच खोलीतलं बिघडलं. काय नशीब बघा."

"तुमचं घर कधीचं गं?"

"दोन सालचं. वसंतात राहायला आलो. का?"

"असंच." डेलाने ताटली ढिगावर ठेवली. "छान आहे म्हणून ऐकलं."

दुपारभर ती तालुक्याच्या बांधकाम कचेरीत बसली. निजायच्या खोल्यांना ठिणगी पकडणारा ब्रेकर हवाच, हा नियम दोन हजार दोनच्या जानेवारीत लागू झाला होता. त्या वसंतात ओस्लुंडात पुरी झालेली घरं अवघी चार. त्यांत याच बनावटीची पेटी असलेलं एक. मालक : लायल ट्वेट.

संध्याकाळी पाचला न्यायाधीशाने झडतीच्या कागदावर सही केली.

*

गुरुवारी सकाळी लायलने दार उघडलं, तेव्हा त्याच्या अंगात घरातला स्वेटर होता आणि हातात कॉफीचा कप.

"या की. जोलीन, कप काढ गं."

नायगार्डने कागद पुढे केला. लायलने वाचला. कप त्याने अगदी हळू टेबलावर ठेवला.

"ब्रेकरची पेटी? माझ्या घरची? हॅल, हा काय चावटपणा?"

"दोन मिनिटांचं काम आहे," नायगार्ड म्हणाला. त्याने लायलकडे पाहिलं नाही.

चौघं तळघरात उतरले. डेलाने पेटीचं दार उघडलं.

तीन निळी बटणं. एक पांढरं.

"पांढरा कुठल्या खोलीचा?"

"आमच्या," जोलीन म्हणाली. "मला तर माहीतच नव्हतं तो वेगळा आहे म्हणून."

"बिघडला होता, म्हणून बदलला," लायल म्हणाला. "पाच-सहा वर्षं झाली. कायदा आहे का त्याविरुद्ध?"

"नाही. कुठून आणलात?"

"दुकानातून. कुठून म्हणजे?"

डेलाने झाकण उतरवलं. बॅटरीचा झोत पांढऱ्या बटणाच्या ब्रेकरवर स्थिरावला. त्याच्या स्क्रूवर नारिंगी रंगाची अर्धी रेघ होती. उरलेली अर्धी अंगावर, जराशी बाजूला सरकलेली. त्या अख्ख्या पेटीत दुसरीकडे कुठेही नारिंगी रंग नव्हता.

"हा ऑर्विल ब्रास्टाडचा रंग," ती म्हणाली. "हा ब्रेकर त्याने तुमच्या आईच्या खोलीसाठी बसवला होता. ऑक्सिजन आला त्या उन्हाळ्यात."

"ऑर्विलला स्वतःचं नाव आठवत नाही."

"तारखा वाचायला आठवण लागत नाही. आईच्या घरचे दोन ब्रेकर दोन हजार चारचे. तिसरा एक सालचा, शेहेचाळिसावा आठवडा. आता तुमचे बघू." तिने एक निळं बटण बाहेर ओढलं, कुशीवर वळवलं आणि जोलीनपुढे धरलं. "वाच."

"शून्य, एक, चार, सहा."

डेलाने दुसरा काढला. जोलीनने तोही वाचला. तिसराही. तिचा आवाज प्रत्येक वेळी लहान होत गेला.

"चार भावंडं होती ही. चौथं तुमच्या आईच्या पेटीत सापडलं." डेला लायलकडे वळली. "तुमची चूक समजण्यासारखी आहे. समोरून सगळी निळी बटणं सारखीच दिसतात. तुम्ही समोरून पाहिलंत."

डेलाने तिन्ही ब्रेकर पेटीच्या कडेवर ओळीने मांडले.

"तुम्ही एक वायर तयार केलीत. आतली तार जवळपास पुरी कापलेली. तिच्यावर हीटर लावला की कापलेल्या जागी बारीक ठिणग्या उडणार. ती जागा चाकाशी, खाली लोंबणाऱ्या पांघरुणात, ऑक्सिजनच्या नळीशेजारी. गुरुवारी करून पाहिलंत. पांढऱ्या बटणाने लगेच वीज तोडली. शनिवारी पुन्हा. सोमवारी पुन्हा. तेव्हा तुमच्या ध्यानात आलं की हा ब्रेकर आहे तोवर तुमची आई मरत नाही. मंगळवारी तुम्ही स्वतःच्या खोलीतला जुना काढून तिथे बसवलात आणि तिथला इथे आणलात. म्हणून जोलीनचं घड्याळ बिघडलं."

"अंदाज," लायल म्हणाला. "सगळे अंदाज."

"अजून एक आहे. जुन्या ब्रेकरला आठवण नसते. नव्याला असते. शेवटची वीज कशामुळे तोडली, एवढं तो लक्षात ठेवतो." डेलाने पांढऱ्या बटणाचा ब्रेकर बंद केला. "जोलीन, त्या मंगळवारपासून तुमच्या खोलीतली वीज गेली?"

"एकदाही नाही."

डेलाने बटण दाबून धरलं आणि खटका वर केला. बारीक दिवा एकदा लुकलुकला. थांबला. पुन्हा एकदा. थांबला.

"वायर आतल्या आत तुटली," डेला म्हणाली. "एकेकदा लुकलुकण्याचा अर्थ तो. बारीक ठिणगी. ही सोमवारची आहे, लायल. तुमच्या आईच्या खोलीतली."

जोलीन भिंतीला टेकली. "लायल, काहीतरी बोल रे."

"शुक्रवारी तुम्ही सूप भरवलंत, हीटर लावलात, कठड्याची घंटी सोडून ओट्यावरच्या खिडकीत ठेवलीत, दार ओढून घेतलंत. मग होदानला घराबाहेर काढलंत. धूर बाहेर आल्यावर शेजाऱ्यांनी फोन केला, आणि तुम्ही गणवेश चढवून सगळ्यांच्या आधी आत शिरलात. आत काही शिल्लक राहिलं नाही ना, तेवढं बघायला."

तळघरात भट्टीची घरघर ऐकू येत होती. लायल जिन्याच्या खालच्या पायरीवर बसला.

"डॉक्टर म्हणाले होते, सहा महिने," तो शेवटी म्हणाला. "फार तर सहा. पाच वर्षं झाली. रोज दुपारी सूप. आम्ही ॲरिझोनाला जागा बघून ठेवली होती. ती मरतच नव्हती."

"मी तुला कधी म्हटलं होतं जायचं म्हणून?" जोलीन ओरडली. "मी म्हटलं होतं का कधी?"

नायगार्डने हातकड्या काढल्या. पंचवीस वर्षं दोघं एकाच होडीतून मासे मारायला जात होते.

"एकच विचारते," डेला म्हणाली. "हा पांढरा तळ्यात फेकून दिला असतात, तर मला काही सिद्ध करता आलं नसतं. घरी का आणलात?"

लायलने खरंच नवल वाटल्यासारखं वर पाहिलं.

"तीनदा पकडलं ना त्याने. चांगला होता." त्याने जोलीनकडे मान वळवली. "हिची खोली आहे ती."

जोलीनने तोंडावर हात दाबला आणि त्याला ओलांडून ती जिना चढून गेली. वर कुठलंतरी दार आपटलं.

*

होदानला दुपारी सोडलं. नायगार्डने तिचं सामान स्वतः आणून दिलं. मग तो आत निघून गेला.

डेलाने तिला घरी सोडायला घेतलं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पांढरी शेतं होती.

"मला कामाला पाठवणाऱ्या संस्थेने काढून टाकलं होतं," होदान म्हणाली. "आज पुन्हा फोन आला, सोमवारपासून ये म्हणाले. माणसं कमी आहेत."

"जाणार?"

"दोन पोरं आहेत मॅडम."

पुढे रेल्वेचं फाटक पडलं होतं. डेलाने गाडी थांबवली. मालगाडीचे धान्याने भरलेले डबे एकामागून एक जात राहिले.

"सगळे म्हणतात, झोपेतच गेल्या," होदान म्हणाली. "धुराने. काही कळलं नसेल म्हणतात. खरं आहे का?"

बावीस वर्षांत डेलाने हा प्रश्न पन्नास घरांत ऐकला होता. पन्नासही वेळा तिने एकच उत्तर दिलं होतं.

तिने होदानकडे पाहिलं.

"नाही," ती म्हणाली.

होदानने रुमालाचं टोक मुठीत धरलं. "मग सांगा. घरच्यांपैकी तर कुणी विचारणार नाही. मला तरी माहीत असू दे."

"त्या जाग्या होत्या. नाकातली नळी त्यांनी काढून पलंगाखाली फेकली होती. ऑक्सिजनने आग भडकते, हे त्यांना कळत होतं. आणि शवविच्छेदनात डाव्या मुठीत त्या तपकिरी वायरीचं वितळलेलं आवरण सापडलं. वायर ओढून काढायचा प्रयत्न केला होता. प्लग भिंतीतून अर्धा बाहेर आलेला सापडला."

"अर्धा," होदान म्हणाली.

"अर्धा."

शेवटचा डबा गेला. फाटक वर उचललं गेलं. मागच्या गाडीने दोनदा हॉर्न वाजवला, तरी डेलाने गाडी पुढे घेतली नाही. शेजारी होदान दोन्ही हात मांडीवर ठेवून, आवाज न करता, सगळं अंग हलेपर्यंत रडत होती.